एकतीस अंगठ्यांचा खुलासा

मुख्याध्यापक परमेश्वर सरांनी पहिल्या दिवशी मैथिलीला शाळेची माहिती दिली ती एका दमात. खोल्या दोन, त्यातली एक गळती. शिक्षक दोन, त्यातले एक तालुक्याला कार्यालयीन कामासाठी गेलेले. तीन वर्षं झाली, काम काही संपलेलं नाही. पोरं एकतीस, पहिली ते चौथी, सगळी तांड्यावरची.

"अन् पोरांचं म्हणाल बाई," सर खुर्चीवर टॉवेल झटकत म्हणाले, "तर ह्यांना भाषाच न्हाई. मी अकरा वर्षं झाली वरडायलोय. तुमी नव्या हाव, तुमीबी वरडून बघा."

मैथिलीनं मान डोलावली. बालकाच्या भाषाविकासाचे टप्पे तिनं डी.एड.च्या दोन वर्षांत तीनदा पाठ केले होते आणि तीनदा विसरले होते. 'भाषाच नाही' हे वाक्य त्या मानानं आटोपशीर होतं. एकदा ऐकलं की लक्षात राहणारं.

ती काही ध्येयानं पेटून आलेली नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण शिक्षिकेची गोष्ट म्हटली की वाचणाऱ्याला लगेच हातात कंदील घेतलेली बाई दिसायला लागते. मैथिलीच्या हातात डबा होता. तिचे वडील गोविंदराव गंगाखेडच्या एका शाळेत चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले, आणि त्या चौतीस वर्षांत आपल्याला एकदाही नोटीस आली नाही, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. लेकीचा मार्ग त्यांनीच आखला होता. सरकारी योजनेतून सहा महिने एका शाळेत प्रशिक्षणार्थी म्हणून जायचं, मुख्याध्यापकाचं प्रमाणपत्र घ्यायचं, मग शिक्षक भरतीची परीक्षा द्यायची. तिथं नाहीच जमलं तर पाथरीला मावशीच्या दिरांची, व्यंकटरावांची, इंग्रजी शाळा होती. त्या शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं. शाळा पत्र्याची होती, आणि तिथं सगळ्यात लांबून काही येत असेल तर ती मानवतहून येणारी पिवळी गाडी.

"अनुभवाचं पत्र आण आणि जूनपासून ये," व्यंकटराव म्हणाले होते. "मुलांशी इंग्रजी बोलायचं, पालकांकडं बघून हसायचं. एवढंच असतं."

मैथिलीला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. अधूनमधून तिला वाटायचं, बँकेची परीक्षा द्यावी. बँकेत एसी असतो.

तर ती रोज सकाळी गंगाखेडहून एसटीनं राणीसावरगावला यायची, तिथून जीपनं फाट्यापर्यंत, आणि मग माळावरून पायी तांड्यावर. पहिलीची सात पोरं तिच्या वाट्याला दिली होती. सात पोरं भिंतीला टेकून बसायची आणि तिच्याकडं बघायची.

"तुझं नाव काय?"

कोणी बोलेना. मैथिलीनं तेच हळू विचारलं. मग मोठ्यानं विचारलं. समोरच्याला कळत नसेल तर आपला आवाज वाढवावा, ही माणसाची जुनी खोड आहे आणि शाळेत तिला अध्यापन म्हणतात. आठवडाभर असं अध्यापन करून तिनं दैनंदिनीत लिहिलं: 'मुले अबोल आहेत. सराव आवश्यक.' परमेश्वर सरांनी खाली लाल पेनानं सही केली आणि म्हणाले, "बराबर लिहिलंत. अक्षर चांगलं हाय."

साडेबाराला खिचडी व्हायची. तेव्हा अबोल पोरांवरचं झाकण कुणीतरी काढल्यासारखं व्हायचं. सातही तोंडं एकदम सुरू. भांडण, चहाडी, नक्कल, काय वाट्टेल ते; आणि यातला एकही शब्द मैथिलीला कळायचा नाही.

खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाई तांड्यावरच्याच. मैथिलीनं त्यांना विचारलं, "ही तर बोलतात की."

"मग काय मुकी हायती?" मनकर्णाबाई पळी आपटत म्हणाल्या. "सकाळपासून तुमच्यावरच बोलायलेत."

"काय बोलायलेत?"

"ते नका इचारू. जेवण व्हायचं हाय तुमचं."

मग स्वतःच दया येऊन त्या सांगू लागल्या. पोरांच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. मायबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला कर्नाटकात, पोरं म्हाताऱ्यांजवळ. म्हाताऱ्यांना दुसरी बोली येत नाही. "मराठी त्येंनी दोघांचीच आयकलेली. जीपवाल्याची अन् सरांची. दोघंबी 'मागं सरका' एवढंच म्हणत्यात."

"आणि मला काय म्हणतात?"

"कोर बाई. कोर म्हंजी आमच्यातलं न्हाई ते." त्यांनी मैथिलीच्या ताटात पळीभर खिचडी वाढली. "वाईट न्हाई त्यात काही. म्हशीला म्हैस म्हणत्यात तसं."

त्या दुपारी मैथिलीला स्वतःची लाज वाटली असं लिहायला हवं, पण तसं झालं नाही. आधी राग आला. दोन वर्षं आपल्याला कुणी हे सांगितलं कसं नाही, याचा राग. कॉलेजात एका बाईंनी 'बहुभाषिक वर्ग' हा पाठ तासाभरात उरकला होता आणि परीक्षेला येणार नाही म्हणून सोडून दिला होता. लाज नंतर आली, घरी जाताना, जीपमध्ये तिघींच्या मध्ये दाटीनं बसल्यावर.

दुसऱ्या दिवसापासून ती खिचडीच्या चुलीजवळ बसू लागली. मनकर्णाबाईंनी तिला तांदूळ निवडायला लावले आणि बदल्यात शब्द दिले. आई म्हणजे याडी. भाकरी म्हणजे बाटी. तुझं नाव काय, तर तारो नाम कांई. मैथिली ते वहीत लिहून घ्यायची आणि एसटीत पुटपुटायची. शेजारची बाई जरा सरकून बसायची.

चौथीतली प्रियांका राठोड ही तिची दुसरी शिक्षिका. नऊ वर्षांची, दोन लाल रिबिनी, आणि जीभ दोन्ही भाषांत सारखी चालणारी. प्रियांकाला पहिलीच्या वर्गात बसवून मैथिलीनं आपलं पहिलं गोरमाटी वाक्य म्हटलं. वर्ग असा फुटला की शेजारच्या खोलीतून सर आले.

"काय झालं?"

"काही नाही सर. मी चुकले."

"मग पोरं का हसायलीत?"

"म्हणूनच."

सरांना हे पटलं नाही. गुरुजी चुकला आणि पोरं हसली, हा त्यांच्या मते दखलपात्र गुन्हा होता. पण त्या हसण्यात एक गोष्ट घडली. राजेश्री नावाची सहा वर्षांची, जूनपासून शाळेत येणारी आणि शाळेत आजवर एक अक्षर न बोललेली पोर उठून उभी राहिली आणि तिनं मैथिलीला ते वाक्य नीट म्हणून दाखवलं. मग 'म्हण' अशी हातानं खूण केली. मैथिलीनं म्हटलं. पुन्हा चुकलं. राजेश्रीनं कपाळाला हात लावला. हुबेहूब परमेश्वर सर.

तिथून गाडी चालली. राजेश्री गोरमाटीत सांगायची, प्रियांका मराठीत करायची, मैथिली फळ्यावर लिहायची. 'आमची शेळी पत्र्यावर चढली.' 'आजोबाचं कुणीच ऐकत नाही.' 'याडी कारखान्यावर गेली, फोनवर रडती.' आपलंच बोलणं फळ्यावर उमटतं हे कळल्यावर पोरं अक्षरांवर तुटून पडली. डिसेंबरपर्यंत सातातली पाच वाचायला लागली. मैथिली घरी जाऊन आईला, सुमंगलाला, हे सांगत बसायची आणि गोविंदराव पेपरच्या मागून म्हणायचे, "अभ्यासक्रमात किती पाठ झाले?"

परमेश्वर सरांचंही मत ठाम होतं. "पोरं बोलायला लागली हे चांगलंच झालं, बाई. पन आता गप कोन बसवणार?"

जानेवारीत विद्यार्थ्यांची वार्षिक माहिती संगणकावर भरायची असते. सर मोबाईलला हात लावायचे ते फोन करायला आणि ग्रुपवरचे निरोप वाचायला. फॉर्म भरायचा म्हटलं की 'नजर' नावाचा आजार उपटायचा. पासवर्ड हजेरीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. त्यांनी हजेरी मैथिलीच्या पुढ्यात सरकवली. "गेल्या वर्षीचं हाय तसं ठिवा, नुसती इयत्ता बदला, नव्या पोरांचंबी तसंच टाका. डोकं लावू नका."

मैथिलीनं डोकं लावलं. एका रकान्यात मातृभाषा विचारली होती. गेल्या वर्षी सगळ्यांचीच मराठी. यादी उघडली तर त्यात चांगलं ठसठशीत 'बंजारा' लिहिलेलं, निवडा म्हणून वाट बघत बसलेलं. अकरा वर्षांत त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. फाट्यावर रेंज चांगली यायची म्हणून ती फाट्यावरच्या टपरीत बसली आणि एकतीस वेळा बंजारा निवडलं. शेवटचं बटण दाबताना आपण फार खरं काही केलं असं तिला वाटलं. नवशिक्यांना वाटतं तसं.

दहा दिवसांनी आसपासच्या शाळांच्या ग्रुपवर तालुक्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. सरांनी ते दोनदा स्वतः वाचलं आणि तिसऱ्यांदा मैथिलीला मोठ्यानं वाचायला लावलं. 'सदर शाळेची मराठी माध्यमाची पटसंख्या निरंक दिसत असून, शाळेच्या समायोजनाची कार्यवाही का करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

शून्याला कार्यालयात निरंक म्हणतात. शून्य म्हटलं की काहीतरी संपल्यासारखं वाटतं. निरंक म्हटलं की काही नव्हतंच. समायोजन म्हणजे शाळेला कुलूप लावून पोरांना चार किलोमीटरवरच्या गावात पाठवणं. मराठी मातृभाषेचं एकही पोर नाही, म्हणजे मराठी शाळेत एकही पोर नाही, असा हिशेब कुठल्यातरी संगणकानं केला होता, आणि संगणकानं केलेला हिशेब माणसानं तपासायचा नसतो, अशी तालुक्याला शिस्त होती.

"मी म्हनलं होतं डोकं लावू नका," सर खुर्चीत खचून म्हणाले. दोन वर्षांत त्यांची निवृत्ती होती. "शाळा गेली तर मला कुठं फेकतेत ठाव हाय का? पार त्या टोकाला. माझी साखर वाढलेली हाय."

"सर, पण पोरं तर आहेत. एकतीस. समोर बसलीत."

"समोर बसून काय उपेग? वर दिसायला पायजेत."

सरांनी तालुक्याला फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी तोडगा दिला आणि सरांनी तो हजेरीच्या पाठीवर उतरवून घेतला. पत्र असं द्यायचं: 'प्रशिक्षणार्थी कु. मैथिली हिने स्थानिक परिस्थितीच्या अज्ञानातून चुकीची नोंद केली. सर्व विद्यार्थ्यांची मातृभाषा मराठीच आहे.' खाली तिची सही. सोबत एकतीस पालकांची संमतीपत्रं, 'आमच्या पाल्याची मातृभाषा मराठी आहे' अशी.

"सही झाली की परवा तुमचं प्रमाणपत्र बी लिहून ठिवतो," सर म्हणाले. "दोन आठवडे ऱ्हायलेत तुमचे. सहा महिने भरले, उत्कृष्ट असा शेरा. पत्र न्हाई गेलं तर मग माझ्या हातात काही न्हाई, बाई." ते हे धमकीच्या सुरात बोलले नाहीत. पाऊस आला तर छत्री न्यावी लागते, तसं सांगितलं.

पालक तर सगळे कर्नाटकात. म्हणून म्हाताऱ्यांचे अंगठे. सरांनी एकतीस कागद, शाईचा पॅड आणि प्रियांका असं सगळं मैथिलीच्या हवाली केलं. शाळा सुटल्यावर दोघी तांड्यावर निघाल्या.

आता ही मौज बघा. आपली भाषा मराठी आहे, असं म्हाताऱ्यांकडून लिहून घ्यायचं होतं, आणि ते त्यांना कळावं म्हणून गोरमाटीत सांगायला नऊ वर्षांची पोर सोबत घ्यावी लागत होती. सरकारच्या कुठल्याच माणसाला यात काही गैर दिसलं नव्हतं. मैथिलीला दिसत होतं, पण तिच्या काखेत पॅड होता.

पहिल्या घरी बाजेवर आजोबा होते. प्रियांकानं कागद दाखवून सांगितलं. मैथिलीनं एक वाक्य सांगितलं होतं, प्रियांकाची झाली आठ. आजोबा बराच वेळ बोलले. हात हलवून, एकदा मैथिलीकडं बोट करून.

"काय म्हणाले?"

"हो म्हनले."

"एवढं बोलले आणि नुसतं हो?"

"बाकीचं तुमच्याबद्दल हाय."

"काय ते सांग."

प्रियांकानं जरा विचार केला. "म्हनले, ही येवढ्या उन्हात हिंडायली, हिच्या घरी कुनी न्हाई का?"

आजोबांनी अंगठा पॅडवर दाबला, कागदावर दाबला, आणि बाजेच्या काथ्याला पुसला. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी आजीनं विचारलं, कागद कशाचा. प्रियांकानं सांगितलं, शाळेचा. आजीनं कागद उलटा धरून अंगठा दिला. आपली बोली आपली नाही, असं लिहून द्यायला एकालाही काही वाटेना. मैथिली प्रत्येक उंबऱ्यावर वाट बघत होती, की कुणीतरी भडकेल, कागद फेकून देईल, तिला तांड्याबाहेर काढेल, आणि मग सही करायची की नाही हा प्रश्न परस्पर सुटेल. पण तांड्यानं आजवर कागदांवर याहून मोठमोठं मान्य केलं होतं. आपण हजर होतो, आपल्याला मिळालं, आपली हरकत नाही. अंगठ्याला सवय होती.

सगळ्यात शेवटी राजेश्रीचं घर. तिची आजी उंबऱ्यात बसून डाळ पाखडत होती. राजेश्री शेळीच्या पिलाला बाटी भरवत होती, ते खात नव्हतं. बाईंना बघून ती आत पळाली आणि दाराआडून बघू लागली. प्रियांकानं आता पाठ झालेलं सगळं सांगितलं. आजीनं सूप थांबवलं. एक प्रश्न विचारला.

"काय म्हणाल्या?"

"इचारायली..." प्रियांका पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "इचारायली की, अंगठा दिल्यावर पोरीशी मराठीतच बोलायचं का? तिला मराठी येत न्हाई. मग घरात बोलायचंच न्हाई का?"

आजीच्या तोंडावर ना चेष्टा होती ना राग. कामाचं विचारावं तसं विचारलं होतं. राशनची तारीख कधी, तसं. पोरीची आई परमुलखात, घरात ह्या दोघीच. सरकारनं गप्प बसायला सांगितलं तर तशी तयारी करायला हवी.

"नाही म्हणावं," मैथिली घाईनं म्हणाली. "बोलायचं. हे नुसतं कागदावर आहे."

प्रियांकानं सांगितलं. आजीला हायसं वाटलं. तिनं हात पदराला पुसले, अंगठा दिला आणि मैथिलीच्या ओंजळीत मूठभर डाळ टाकली.

फाट्यावर जीप यायला वेळ होता. मैथिली टपरीत बसली. एका हातात डाळ, पिशवीत एकतीस अंगठे. तिनं मोबाईल काढला आणि राजेश्रीची नोंद उघडली. का, ते तिलाही माहीत नव्हतं. सरकवत सरकवत पार खाली गेली. तिथं आणखी एक रकाना होता. शिकण्याचे माध्यम. रिकामा. दुसरी नोंद उघडली, तिथंही रिकामा. एकतिसांचाही रिकामा, जुन्या पोरांचा गेल्या वर्षीही, त्याच्या आधीही. सरांनी 'हाय तसं' ठेवलेलं. माध्यम कोरं म्हणून संगणक मातृभाषेलाच माध्यम धरत आला होता. एवढंच. तिनं डाळ रुमालात बांधली, एकतीस वेळा 'मराठी' निवडलं आणि बटण दाबलं. पट एकतीस झाला. त्याला जीप येईपर्यंतचा वेळ लागला.

सकाळी तिनं हे सरांना दाखवलं. सरांनी मोबाईल लांब धरून आकडा वाचला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"आला की पट. लय ब्येस. आना पत्र, सही करा."

"आता पत्र कशाला सर? मातृभाषा बंजारा, माध्यम मराठी. दोन्ही बरोबर आहे. चूक कोऱ्या रकान्याची होती, तसा खुलासा मी लिहून आणलाय." तिनं कागद पुढं केला.

सरांनी तो वाचला. "चांगलं लिहिलंय. पन हे त्येंनी मागितलेलं न्हाई."

"पण खरं आहे."

"आसंल. त्येंनी तुमचं अज्ञान मागितलंय. मागितलेलं द्यायचं आसतं, बाई. तुमी खरं दिलं तर फाईल कशी बंद व्हायची? कोरा रकाना म्हनलं की इचारतील, कोनी ठिवला कोरा?"

म्हणजे इथं होतं ते. मैथिलीला एकदम सगळं स्वच्छ दिसलं, आणि दिसल्यावर या माणसाचा रागही नीट येईना. अकरा वर्षांत त्यानं एक रकाना भरला नव्हता, आणि तो झाकायला एकतीस घरांची बोली पुसायची होती. त्यातही त्याला वाईटपणा कुठं दिसत नव्हता. साखर दिसत होती.

"मी सही नाही करणार," ती म्हणाली.

"बघा हं. प्रमाणपत्राचं..."

"कळलं सर."

"मग अंगठे तरी द्या."

मैथिली पिशवी घेऊन उठली आणि चुलीकडं गेली. मनकर्णाबाई फुंकणीनं जाळ करत होत्या. तिनं एकतीस कागद एकेक करून आत सारले. मनकर्णाबाईंनी फुंकणी बाजूला ठेवली. त्यांच्या नातवाचाही कागद त्यात होता, अंगठा त्यांचाच.

"कागदाचा जाळ भपकन होतो," त्या एवढंच म्हणाल्या. "खिचडी शिजायला लाकूडच लागतं, बाई. जरा सरका, ढलपी घालू द्या."

दुपारी सरांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. प्रशिक्षणार्थीनं चुकीची नोंद केली होती, ती आपण दुरुस्त करून घेतली आहे, आणि सदर प्रशिक्षणार्थीला आजपासून कार्यमुक्त केलं आहे. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं, कारण माणूस वाईट नव्हता. "तुमची सही लागनार न्हाई आसं बसवलंय," ते म्हणाले. तिचा खुलासा त्यांनी चार घड्या करून ड्रॉवरमध्ये ठेवला. तालुक्याला पट एकतीस दिसत होता; अंगठे कुणी मागितले नाहीत, फाईल बंद झाली.

घरी गोविंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला. "सही करून टाकायची होतीस. खरं बोलायला शाळेत पोरं असतात. मास्तरनं खुलासा द्यायचा असतो."

"तुम्ही दिलेत बाबा?"

"चौतीस वर्षं दिले. म्हणून नोटीस आली नाही." ते हे अभिमानानं म्हणायला गेले, पण वाक्य अर्ध्यातच बसलं. मग पुन्हा चष्मा पुसू लागले.

व्यंकटरावांचा फोन आला. अनुभवाचं पत्र मिळालं का? नाही मिळालं आणि मिळणारही नाही, असं तिनं सांगितलं. "मग तुला अनुभव नाहीच म्हणायचा," व्यंकटराव म्हणाले. "हो," मैथिली म्हणाली, "नाहीच म्हणा." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला बँकेची आठवण बऱ्याच दिवसांत झालेली नाही. तिनं भरतीचा अर्ज उघडला. अनुभवाचा रकाना मोकळा सोडला आणि बाकीचा भरून टाकला.

सकाळी सुमंगलानं डबा भरून ओट्यावर ठेवला. गोविंदरावांनी तो पाहिला. "ही कुठं निघाली? हिला तर काढलंय." सुमंगला म्हणाली, "पोळ्या जास्त झाल्यात."

शाळेत मैथिलीला बघून परमेश्वर सर दारातच उभे राहिले. "बाई, तुमी तर कार्यमुक्त झालात. आता कोन म्हनून आलात?"

"कोणी म्हणून नाही. म्हणून तर आले. आता माझा खुलासा कुणी मागणार नाही."

सरांनी आत नजर टाकली. चारही वर्ग एकाच खोलीत घुसले होते आणि त्यांच्या टेबलावर पाच नवे फॉर्म होते. एकट्या माणसाला एकतीस पोरं आणि पाच फॉर्म झेपत नाहीत. ते बाजूला सरकले. "म्या तुमाला बघितलेलं न्हाई," म्हणाले, आणि खडूचा डबा पुढं केला.

ती तीन आठवडे रोज गेली. कुणी तिला बघितलं नाही.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सर मोबाईल हातावर धरून पहिलीच्या वर्गात आले, तो तापला असल्यासारखे. मातृभाषा दिन जवळ आला होता. त्याच कार्यालयाचं, त्याच साहेबांच्या सहीचं पत्र. 'विद्यार्थ्यांच्या घरच्या बोलीभाषेतून शिक्षण देण्यासाठी शाळेने राबविलेल्या उपक्रमांचा अहवाल फोटोसह आज दुपारी चारपर्यंत सादर करावा. निरंक अहवाल चालणार नाही.'

"बाई," सर म्हणाले. "तुमचं ते... शेळीबिळीचं. तेवढं लिहून देता का? फोटो मी काढतो."

"देईन की. खाली नाव कुणाचं टाकायचं?"

सरांनी फळ्याकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. "तुमी तर हजेरीवर न्हाईत."

"नाही."

"मग शाळेचं टाकू."

"आणि अहवालात मातृभाषा कुठली लिहू सर? मराठीच ना?"

सरांनी मोबाईल खिशात घातला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "जी हाय ती लिव्हा."

राजेश्री फळ्याजवळ उभी होती. ती मघापासून काहीतरी सांगत होती आणि सर आल्यामुळं तिचं अर्धवट राहिलं होतं. आता तिला कोण येतं-जातं याची फिकीर नव्हती. तिनं मैथिलीचा पदर ओढला आणि जिथं तुटलं होतं तिथून पुढं सुरू केलं. प्रियांका मराठी करायला पुढं सरकली. मैथिलीनं तिला हातानं थांबवलं. एवढं आता तिला कळत होतं.

"चारपत्तूर पायजे, बाई," सर दारातून म्हणाले.

"बसा जरा सर. हिचं होऊ द्या."

सर घड्याळ बघत पोरांच्या बसायच्या पट्टीवर टेकले. राजेश्रीची गोष्ट लांब होती.